बोलतो तो थांबेल

बुधवार, ८ डिसेंबर १९५४. रक्कम बासष्ट रुपये, म्हणजे बुधराम ड्रायव्हरचा नोव्हेंबरचा पगार, टेबलावर काचेच्या गोळ्याखाली दाबून ठेवलेला. हजर: रुग्ण-मोटार समितीचे अध्यक्ष शेठजी, सरकारी दवाखान्याचे डॉक्टरसाहेब, समितीचे आणखी दोन सभासद, तुझी बायको भागरता वहिनी, दाराबाहेर उकिडवा बसलेला बुधराम, आणि हिशेबनीस म्हणून मी. आदल्या दिवशी तुझी तेरवी झाली होती. तुझ्या घरचं जेवण अजून माझ्या पोटात होतं, डोमाजी, आणि मला तुझ्याबद्दल साक्ष द्यायची होती.

प्रश्न सरळ होता. गोंदियात रुग्ण आणायची मोटार एकच. तिच्यावर कंपाउंडर तू आणि चालवणारा बुधराम. तू आजारी पडलास त्या सकाळी तीच मोटार तुझ्या दारात आली आणि तुला न घेता निघून गेली. वहिनींचं म्हणणं, बुधरामनं तुला मरायला टाकलं. त्याला कामावरून काढा आणि त्या बासष्ट रुपयांतला एक पैसा त्याच्या हातावर ठेवू नका. बुधरामचं म्हणणं, त्यानं तू शिकवलेला नियम पाळला. त्या वेळी तुझ्या खाटेजवळ आम्ही तिघंच होतो. वहिनींचं सांगून झालं होतं. बुधरामच्या बोलण्याला कोणी किंमत देत नव्हतं. मग सगळे माझ्याकडे वळले.

मी काय सांगितलं ते तुला कळलं पाहिजे. तू चिडशील. चिड.

पण आधी दुसरं लिहितो. तुझ्या शोकसभेत एकानं तुला दीनदुबळ्यांची माउली म्हटलं. मी खाली पाहिलं, नाहीतर हसलो असतो. तू कोणाची माउली नव्हतास. तुझी जीभ विळ्यासारखी होती आणि हात त्याहून वाईट. आमच्याकडे भाताच्या मिलमध्ये कोणाचा हात कापला की रक्त थांबायला त्यात मूठभर कोंडा भरतात. बापानं भरला म्हणून लेक भरतो. तू तिथं पोचलास की आधी तो कोंडा बोटांनी उकरून बाहेर काढायचास. एकदा मी पेट्रोलच्या पावत्या घ्यायला आलो होतो तेव्हा समोर पाहिलं. तो हमाल गुरासारखा ओरडत होता आणि त्याचा मिस्त्री तुझे पाय धरत होता.

"राहू द्या ना साहेब, थांबलं होतं रगत."

"रगत थांबलं, आता हात सडन. कोनी भरला हा कोंडा? तू? पुढच्या बारीला तुह्या तोंडात भरतो." मग त्या हमालाकडे वळून म्हणालास, "बोंबल बाबू, बोंबल. बोंबलून राहिला तोपर्यंत तू मरत नाईस."

तो हमाल हात शाबूत घेऊन फिरतो. तुझ्या तेरवीला आला नाही. तू दिसलास की तो रस्ता बदलायचा.

लढाईत तू ब्रह्मदेशाच्या बाजूला जखमी उचलायच्या तुकडीत होतास. तिथं काय पाहिलंस ते इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहूनही तू मला सांगितलं नाहीस. आणलास तो फक्त एक नियम. लढाई संपल्यावर समितीनं लष्कराच्या लिलावातली ती जुनी मोटार घेतली, तिच्यावरच्या लाल फुलीमुळे लोक तिला फुलीची मोटार म्हणू लागले, आणि तिच्यात एकच स्ट्रेचर बसतं हे कळल्यावर तू तो नियम बुधरामला पाठ करायला लावलास. बुधराम छत्तीसगडचा, म्हणून तू त्याच्याशी तुझ्या मोडक्या हिंदीत बोलायचास.

"दो आदमी पडे हैं. एक चिल्ला रहा है, एक चूप है. किसको उठाएगा?"

"चिल्ला रहा है उसको, साब. उसको जादा दरद है."

फाडकन एक बसली. "दरद से कोनी नाई मरत बे. जो बोलते तो थांबन. जो चूप आहे, त्याले पयले घे."

एवढाच नियम. कोणी आधी बोलावलं, कोणाच्या घरची मोठी असामी, कोण रडतं, कोण पाया पडतं, काही बघायचं नाही. बोलतो तो थांबेल.

या नियमानं मला माझी शांता दिली. ते मी विसरलो नाही. गोंदियाजवळ कामठ्याला आमच्या शेताच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, ती पडली तेव्हा सहा वर्षांची होती. गड्यानं बाहेर काढली तेव्हा ओठ निळे होते आणि ती गप्प होती. त्याच वेळी तू त्या रस्त्यानं एका मालगुजाराला घेऊन गोंदियाकडे येत होतास. त्याच्या पोटात खडा होता आणि तो मोटारीत लोळत होता. माझा गडी रस्त्यात आडवा झाला. तू उतरून पोरीकडे एकदा बघितलंस, आणि त्या मालगुजाराला स्ट्रेचरवरून उचलून रस्त्याकडेच्या मोहाच्या झाडाखाली ठेवलंस.

"मी कोन आहो माहीत आहे का बे तुले?" तो पोट धरून ओरडला.

"आहे ना. बोलनारा आहा. बसा सावलीत."

मोटारीत घालण्याआधी शांताला तू गुडघ्यावर पालथी घातलंस आणि पाठीत असे रट्टे मारलेस की माझ्या बायकोनं तुझा हात धरला. तू तिलाही झटकलंस. पोरीनं पाणी ओकलं आणि रडली. ती रडल्याबरोबर तू म्हणालास, "झालं. आता इले घरी न्या. गाडी मालगुजाराची आहे." आणि खरंच परत मोहाखाली जाऊन त्याला उचललंस. माझ्या बायकोनं तुझे आभार मानायला तोंड उघडलं तेव्हा तू मोटारीत चढला होतास. मालगुजारानं समितीकडे तक्रार केली. ती मीच फायलीला लावली.

आणि याच नियमानं माझ्या भावाचा, तुळशीरामचा पाय घेतला.

तेही तुला माहीत आहे, पण एकदा सलग सांगतो, कारण आपण दोघं नेहमी मध्येच भांडत सुटायचो. धानाच्या पोत्यांची गाडी बांधावरून उलटली आणि माझा धाकटा भाऊ चाकाखाली आला. फुलीची मोटार त्याच्यासाठी बोलावली होती. तू आलास, आणि त्याच वेळी पलीकडच्या खळ्यावर धानाच्या उंच रचलेल्या पुंजण्यावरून एक मजूर डोक्यावर पडला. तुळशीराम इतका ओरडत होता की बैल बुजले. मजूर चूप होता. तू मजूर घेतलास. तो रेल्वे फाटक यायच्या आधी मेला. मोटार तुळशीरामसाठी परत येईपर्यंत अंधार पडला, पाय काळा झाला होता, आणि डॉक्टरसाहेबांनी तो गुडघ्याच्या वर कापला.

तुझ्या छपरीत बसून मी किती वेळा हे काढलं!

"एक मुडदा दवाखान्यात नेलास आणि माझ्या भावाचा पाय घालवलास."

"उचलला तवा तो मुडदा नव्हता गा."

"तुझ्या नियमात भोक आहे, डोमा. बोलता बोलता मरणारेही असतात. छातीवाले असतात. ते शेवटपर्यंत बोलतात."

"असतात ना."

"मग त्यांचं काय?"

"त्याइच्यासाठी दुसरी मोटार घ्या, मुनीम. आहेत समितीजवळ पैसे? नाई ना? मंग चूप बस." आणि विडी पेटवून वर म्हणायचास, "चूप बसशील तर तुलेच पयले नेईन."

मी उठून यायचो. दुसऱ्या दिवशी परत जायचो. तू तुळशीरामला एकदाही 'वाईट झालं' म्हणाला नाहीस. त्यानं कुबडी घेतली तेव्हा एवढंच म्हणालास, "पाय गेला, तुळश्या नाई गेला." ते खरं होतं. खरं होतं म्हणून जास्त लागलं.

आता ती सकाळ.

वहिनींनी मधल्या भिंतीवर थापा मारल्या. मी आलो तेव्हा तू खाटेवर होतास, सदरा भिजलेला, तोंड राखेसारखं. रोग तूच सांगितलास. "केशव, छाती आहे हे. पक्की. रिक्षात नोको घालू मले, हादऱ्यानं मरीन. फोन कर." मी जवळच्या मिलमधून फोन केला आणि बुधराम लगेच आला. तुला बसवून न्यावं म्हणून आम्ही दोघांनी एकदा उठवलं. तू ओकलास आणि डोळे फिरवलेस. मग परत आडवा केला. स्ट्रेचर खाटेला लावलं. तुझा उजवा हात त्याच्या दांड्यावर पोचला होता.

तेवढ्यात दारात सायकल आपटली. फाटकापलीकडच्या मिलचा माणूस. यंत्राच्या पट्ट्यानं एका कामगाराला ओढून फेकलं होतं आणि तो डोक्यावर पडला होता.

बुधरामनं विचारलं, "बोल रहा है?"

"नाई ना. डोरेबी नाई उघडत."

बुधराम तुझ्याकडे बघत उभा राहिला. माझ्या लक्षात यायच्या आधी ते तुझ्या लक्षात आलं.

"बुधराम, नाई," तू म्हणालास. "पहले मेरे को."

"कंपोंडर साब," तो म्हणाला, "आप तो बोल रहे हो."

त्यानं टोमणा मारला नव्हता. टोमणा मारायची त्याची अक्कल नाही आणि हिंमतही नव्हती. त्याला तुझ्याकडून उत्तर हवं होतं. तू रोज द्यायचास तसं.

तू उत्तर दिलंस. "आग लाव त्या नियमाले! मले ने. तुले कोनी शिकवलं बे? मी शिकवलं. मीच सांगून राहिलो ना तुले!" मग त्याच्या आईवरून शिवी दिलीस. मग त्याला भाऊ म्हणालास. मग हात जोडलेस, डोमाजी. ज्या हातांनी तू त्याला थोबाडलं होतंस ते हात. "पाय पडतो तुह्या, बुधराम, मले सोडून नोको जाऊ." वहिनी तिथंच उभ्या होत्या.

बुधराम रडायला लागला. रडत रडतच त्यानं दांड्यावरची तुझी बोटं सोडवली. तू परत धरलंस, त्यानं परत सोडवली. तू माझ्याकडे पाहिलंस. मी त्याला अडवावं असं तुला वाटत होतं, ते मला कळलं. माझ्या डोळ्यांपुढं मोहाचं झाड आलं. तिथं पोट धरून ओरडणाऱ्याला उतरवलं नसतंस तर माझी पोर आज नसती. मी तुझ्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला जाऊ दिलं. स्ट्रेचर उचलून तो गेला. वहिनी मोटारीच्या मागे वळणापर्यंत धावत गेल्या.

तू बोलतच राहिलास. बुधरामला, मला, समितीला, कोणाकोणाला नावं ठेवलीस. मग एकदम शांतपणे म्हणालास, "आता कोळशाची मालगाडी असते. फाटक बंद असन." ते बरोबर होतं. मोटार परत येताना फाटक बंद होतं आणि बराच वेळ बंद राहिलं. पुढं शब्द तुटायला लागले, आणि मग तू चूप झालास. आता नियमाप्रमाणे तुझी पाळी होती.

तो कामगार जगला. उजवा डोळा गेला, पण मिलमध्ये बसून पोती शिवतो.

तर मीटिंग. वहिनी डोक्यावरचा पदर घट्ट धरून उभ्या होत्या. शेठजींनी खुर्ची दिली, त्या बसल्या नाहीत.

"ते बोललेच नाई," वहिनींनी सांगितलं. "दातखीर बसली होती. एक शब्द नाई निघाला तोंडातून. बुधरामनं पाह्यलं आन् टाकून गेला. चूप मानसाले पयले घ्याचं होतं ना? याइचाच नियम आहे ना तो? मंग काऊन नाई घेतलं?" आणि माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "इचारा भाऊजीइले. भाऊजी होते तठी."

मला त्यांची अडचण कळत होती. तू चूप होतास म्हटलं की दोन गोष्टी साधत होत्या. बुधराम चुकला ठरत होता, आणि तू हात जोडलेस ते झालंच नव्हतं ठरत होतं. गावात ज्या माणसानं मालगुजाराला झाडाखाली बसवलं तो आपल्या ड्रायव्हरच्या पाया पडला, हे कोणती बायको चारचौघांत येऊ देईल? त्या माझ्याकडे मागत होत्या ती खोटी साक्ष तुझ्यासाठी होती.

दारात बुधराम होता. त्यानं मान वर केली नाही.

डॉक्टरसाहेब म्हणाले, "केशवराव, नीट आठवून सांगा. डोमाजी बोलत होता?"

"बोलत होता."

"घरघर? बरळणं? की समजेल असं?"

"समजेल असं."

"काय बोलला?"

मी सांगितलं. आग लाव नियमाले, मले ने. जसंच्या तसं, तुझ्याच बोलीत. शिवी मी गाळली नाही. हात जोडलेस ते सांगितलं नाही. ते कोणी विचारलं नव्हतं. भागरता वहिनी माझ्याजवळ आल्या.

"पायाचा बदला घेतला ना, भाऊजी?" हळू आवाजात विचारलं त्यांनी. "तुळशीरामच्या पायाचा?"

मी या प्रश्नाचा प्रामाणिक हिशेब केला आहे. रुपयात दोन आणे असेल. तू हात जोडलेस तेव्हा मनात एक क्षण आलं होतं की आता तुला कळेल, बांधावर तुळशीराम कसा ओरडत होता. पण उरलेले चौदा आणे बुधराम खरं बोलत होता म्हणून होते. त्याला चार लेकरं आहेत. तुझं नाव राखायला मी त्याची भाकर घेऊ शकलो नाही. तू असतास तर म्हणाला असतास, मुनीम, मेलेला थांबन, जिवंताले पयले घे. की म्हणाला नसतास? आता मला तुझी खात्री देता येत नाही. त्या सकाळनंतर येत नाही.

वाद मी जिंकलो, हे मात्र लिहून ठेवतो. बोलता बोलता मरणारे असतात. तुझ्या नियमात भोक होतं. इतकी वर्षं तू एक पाऊल मागं घेतलं नाहीस. घेतलंस ते मरताना, आणि तेही शिव्या देत. तरी तुला सांगतो, त्या सकाळी नियम चुकला की बरोबर ठरला, हे मला अजून ठरवता येत नाही. पोती शिवणारा समोर दिसला की बरोबर वाटतो. तुझी बंद छपरी दिसली की नाही.

पुढचं तुला माहीत नाही आणि ते सगळ्यांत वाईट आहे.

मला वाटलं होतं, माझ्या साक्षीनं बुधराम सुटेल आणि विषय संपेल. बुधराम सुटलाच. शेठजींनी काचेचा गोळा बाजूला केला, पगार माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "ड्रायवर की गलती नहीं. दे दो उसको." मग टोपी काढून टेबलावर ठेवली. ते टोपी काढतात तेव्हा त्यांचं आधीच ठरलेलं असतं.

"मतलब देखो. जिसने कायदा बनाया, वही बोल के गया कि कायदे को आग लगा दो. केशवराव ने अपने कान से सुना है. तो फिर हम काहे को पकड़ के बैठें? लगा दो आग."

डॉक्टरसाहेब उठलेच. "मरणाऱ्या माणसाच्या ओरडण्यावरून तुम्ही नियम ठरवणार? तो नियम दहांतल्या आठांना वाचवतो!"

"डाक्टर साब, मोटर के तेल का पैसा कौन देता है? मिलवाले. और मिलवाले को पत्थरी का दरद हो तो झाड़ के नीचे बैठो! अब नहीं चलेगा. बारह रुपया साल का चंदा. जो भरेगा, नंबर से उसकी गाड़ी पहले. जो नहीं भरेगा, बाद में. गाड़ी खाली होगी तो."

मालगुजाराची ती तक्रार त्यांना तोंडपाठ होती. दोन्ही सभासदांनी हात वर केला. डॉक्टरसाहेबांनी केला नाही. हिशेबनीसाला मत नसतं. मी बोललो, की साक्ष ड्रायव्हरपुरती होती, नियमाबद्दल मी काही म्हटलं नव्हतं. शेठजी हसून म्हणाले, "आपने तो सिर्फ सच बोला, मुनीमजी. बाकी हमारा काम है."

अशा रीतीनं तुझा नियम गेला, डोमाजी. मालगुजाराला तो मोडता आला नाही, माझ्या भावाच्या पायालाही आला नाही. तुझ्याच शब्दांनी मोडला आणि ते शब्द मी नेऊन दिले. तू मरताना भ्यालास, माणसानं भ्यावं तसा. त्या भिण्याला मी साक्षीच्या खुर्चीवर बसवलं. मला अजूनही वाटतं, दुसरं काही बोलता आलं नसतं. असं वाटून बरं वाटत नाही.

बाहेर बुधरामच्या हातावर मी बासष्ट रुपये ठेवले. नवीन नियम समजावला. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तो अब पूछना नहीं है, बोल रहा है कि चूप है?"

"नाही. नंबर विचारायचा."

"जहाँ बोलेंगे, जाऊँगा," तो म्हणाला. नोटा धोतराच्या गाठीत बांधून तो गेला. त्याच्यावर रागावायला मी जागाच शोधत होतो, सापडली नाही.

समितीनं वहिनींना पन्नास रुपये मदत मंजूर केली. ती मी दुसऱ्या दिवशी घेऊन गेलो. दार अर्धंच उघडलं. हात बाहेर आला, नोटा घेतल्या, दार लागलं. मधल्या भिंतीवरून आता भांड्यांचा आवाज येतो, बाकी काही येत नाही. माझी बायको शांताला तिकडे पाठवते. शांता जाते, जेवूनही येते. माझ्याबद्दल तिथं काही बोलणं होत नाही, असं सांगते.

वर्गणीची नावं यायला लागली. पहिल्या दिवशी आठ आली, आठही मिलवाल्यांची. मी माझं घातलेलं नाही. कामठ्याहून तुळशीरामनं निरोप पाठवला की त्याच्या नावानं भरू नये, त्याचा एक पाय मोटारीची वाट बघून झाला आहे. मी पावतीपुस्तक मिटून घरी निघायच्या बेतात होतो तेव्हा भागरता वहिनी कचेरीच्या पायरीवर दिसल्या. आत आल्या, पदराची गाठ सोडली आणि समितीनंच दिलेल्या नोटांतले बारा रुपये माझ्यापुढं ठेवले.

मी म्हणालो, "वहिनी, तुम्ही?"

"मंग? तीन लेकरं आहेत घरी. आता कोनाच्या नियमावर बसू? लिवा."

मी लिहायला घेतलं.

"कितवा लंबर आला?"

"नववा."

"माह्या पयले आठ?"

"आठ."

"मंग त्या आठ जनाइची तब्येत देवानं चांगली ठेवो," वहिनी म्हणाल्या, आणि पावतीसाठी हात पुढं केला. पावती मी फाडून दिली: श्रीमती भागरताबाई डोमाजी यांजकडून समितीस, फुलीच्या मोटारीच्या पहिल्या हक्कापोटी, वर्षाची वर्गणी, रोख रुपये बारा.